बाहेर नेलेलं बोलणं

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची जळकोटला! उदगीरला गाडी बदलताना एक धिप्पाड गृहस्थ माझ्या पिशवीवर बसले आणि आईनं अर्धापूरहून निगुतीनं बांधून दिलेल्या केळ्यांचं जागच्या जागी शिकरण झालं. वाचलेली फणी घरमालकिणीला, नागुबाईंना दिली. त्यांनी उभ्या-उभ्या एक सोलून खाल्लं आणि मला ‘माय’ म्हणायला सुरुवात केली. एवढ्या स्वस्तात नातं जमलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ही माझी पहिली खरी नोकरी. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यापासून नांदेडच्या एका शाळेत पोरांच्या तक्रारी ऐकत होते. आता लातूरच्या संस्थेनं इथल्या समुपदेशन केंद्राची किल्लीच हातात ठेवली आहे. केंद्र म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत टेबल आणि खुर्च्या, आणि सगळीकडं युरियाचा वास. बरेच दिवस बंद होतं. का, असं संगमेश सरांना विचारलं होतं. ते माझ्याआधी इथं समुपदेशक होते, आता लातूरला बसून आमच्यावर देखरेख करतात. माणूस मिळाला नाही, एवढंच ते म्हणाले. मग मी मिळाले.

दिवसभर झाडलं, पुसलं, जळमटं काढली. संध्याकाळी जाड पेनानं पाटी लिहून आतल्या दारावर चिकटवली: ‘या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहील.’ अक्षर जरा तिरकं आलंय, पण मला ती फार आवडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना इंजेक्शन हवं होतं. नुसतं बोलायचं आणि हाच इलाज, हे ऐकून एक आजोबा इतके हसले की मला वाटलं यांचा झालाच इलाज. बोलायचंच असलं तर पारावर काय कमी माणसं हायत, असं म्हणत ते जिना उतरून गेले. पारावर बोललेलं गावभर होतं, हे उत्तर मला ते गेल्यावर सुचलं. माझी उत्तरं नेहमीच उशिरा येतात, राग तेवढा वेळेवर येतो.

इथं एकटं कुणीच येत नाही. सुनेबरोबर सासू, म्हाताऱ्याबरोबर जावई, पोरीबरोबर निम्मी गल्ली. आणि ज्यानं आणलं त्याला वाटतं की आत काय झालं ते कळण्याचा पहिला हक्क त्याचा. आमीच आणलं की तिला, मंग आमालाच कामून न्हाई सांगायचं, असं म्हणून एका बाईनं मला चक्क झापलं. मी दात दाखवून दार लावून घेतलं.

ज्यांना गोळ्या लागतील असं दिसतं त्यांना उदगीरच्या डॉक्टरांकडं पाठवते. बाकीच्यांशी बोलते. खरं तर त्यांनी बोलायचं असतं, मी गप्प बसायचं असतं. माझ्यासारखीला हे किती अवघड, ते आईला विचारा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दोन माणसांची मला आता वाट पाहावीशी वाटते.

एक सटवाजी काका. गेल्या वर्षी त्यांची बायको धोंडाबाई दीर्घ आजारानं गेली, तेव्हापासून हे अंथरुणाला खिळल्यासारखे. खायला हाय, प्यायला हाय, पर उठावंच वाटून न्हाई राहिलं बाई, असं पहिल्या दिवशी म्हणाले. मी सांगितलं, मन तयार व्हायची वाट बघू नका. आधी पाय उचला, मन मागून येतं. रोज सकाळी स्टँडवर चालत जाऊन चहा प्यायचा, हेच औषध. चहा घरी बी हाय की, असं कुरकुरले, पण गेले. आता कोणत्या हॉटेलात नुसतं गोड पाणी मिळतं ते तावातावानं सांगतात. चहाला नावं ठेवू लागलेला माणूस सुधारायला लागला असं मी समजते.

दुसरी करिश्मा. माझ्याहून लहान, लग्नाला तीन वर्षं झालेली. तिला सासू घेऊन आली, केवळाबाई. गोड बाई आहेत, मला लेकरा म्हणतात, येताना पिशवीत काहीतरी असतंच, वाळकं, नाहीतर शेंगा. करिश्मा जेवत नाही, चुलीपुढं बसली तर तवा तापून लाल होईस्तोवर बघत राहते. तिचा नवरा अंगद टेम्पो चालवतो. तो दुकानाशी उभा राहतो, वर येत नाही. दोनदा दिवस जाऊन पोटातच गेलं, असं केवळाबाईंनीच सांगितलं. देवाचं करून झालं, बाहेरचं बघून झालं, आता हा इलाज.

पहिल्या वेळी करिश्मानं नुसती मान हलवली. आज दाराकडं बघत हळूच विचारलं, बाहेर सांगणार न्हाईत ना? मी शब्द दिला. मग ती जी रडली! आणि बोलली. तिला इतक्यात मूल नको आहे. अंग सावरलं नाही, मन तर नाहीच. चोरून गोळ्या घेते आणि दिवसभर मनातलं एक कुणीतरी तिला म्हणत राहतं की तू घरबुडवी आहेस. आम्ही त्या विचाराला समोर बसवून पुरावा मागितला. पुरावा काही निघाला नाही. जाताना तिनं पदर सारखा केला आणि जिना न अडखळता उतरली. या पोरीला मी बरी करणारच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सटवाजी काकांबरोबर रिकाम्या खुर्चीचा प्रयोग केला. पद्धत सोपी आहे. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं तो माणूस समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसलाय असं धरायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. काका आधी लाजले, मग धोंडाबाईंशी मस्त भांडले. सुनेच्या वरणाला चव नाही इथपासून सुरुवात झाली. मग आवाज उतरला. शेवटच्या दिवसांत तिचे हाल बघवेनात म्हणून, आता सुट एकदाची, असं मी देवापुढं म्हणलो व्हतो धोंडा, हे त्यांनी सांगितलं. पोराला ठाऊक नाही, कुणालाच नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग ते एकदम थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. थोड्या वेळानं मला विचारलं, बाई, ही दुसरी पोरगी कोण हाय? धोंडा काईच बोलली न्हाई. ही पोरगीच इचारून राहिली, बाहेर सांगणार का म्हणून.

मनाचे खेळ असतात, असं मी समजावलं. काका हो म्हणाले. पण जाताना त्या खुर्चीला वळसा घालून गेले. तिथं बसलेल्या माणसाच्या पायाला पाय लागू नये, तसं.

२ डिसेंबर, मंगळवार

घडलं ते क्रमानं, नीट लिहायचा प्रयत्न करते.

करिश्माला म्हटलं, तो टोचणारा आवाज आज त्या खुर्चीत बसवू. तिनं त्याला छान सुनावलं. मग पुढची पायरी असते. जागा बदलायची, त्या खुर्चीत आपण बसायचं आणि त्या आवाजाच्या बाजूनं बोलायचं. ती तिकडं जाऊन बसली. मग ताठ झाली, पदर कमरेला खोचला. करिश्मा कधीच तसा खोचत नाही. आणि माझ्याकडं रोखून बघत, जाड, भरल्या आवाजात म्हणाली, संगमेशला बोलव.

मला वाटलं, नाव कुठंतरी ऐकलं असेल. पण ती थांबली नाही. म्या त्याला सांगितलं व्हतं. ह्याच खोलीत. त्यानं बाहेर नेलं. हे म्हणताना तिचे ओठ असे आवळले होते की दात दिसले. मी तिच्या नावानं हाका मारत राहिले. शेवटी खांद्याला धरून हलवलं, तेव्हा डोळ्यांत ओळख आली. मला झोप लागली व्हती का ताई, असं तिनं विचारलं.

बाहेर केवळाबाई बाकड्यावरून उठून उभ्या होत्या. कोण वरडून राहिलं, असं त्यांनी विचारलं. व्यायाम चालला होता, म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

नागुबाईंना सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं आणि सांगून टाकलं.

आरती नावाची सून होती, शेजारच्याच गावातली. तिला सासरा घेऊन यायचा, सासू नव्हती. उदास असायची. या खोलीत बसून तिनं संगमेश सरांना सांगितलं की सासऱ्याचीच नजर वाईट आहे, घरात एकटी राहायची भीती वाटते. आणि सरांनी ते खाली दुकानात चहा घेताना त्या सासऱ्यालाच सांगितलं. का, तर आणणारा तो. घरातलं मोठं माणूस तो.

त्याच आठवड्यात आरती गेली. कशी गेली ते कुणी धड सांगत नाही आणि कुणी धड विचारलंही नाही.

पुढं काही महिन्यांनी तो सासरा पाहुण्यांच्या हळदीच्या मांडवात बसलेला असताना बोलायला लागला. सुनेशी काय केलं, भावाचा बांध कसा कोरला, कुणाला काय खाऊ घातलं, सगळं. मुलानं तोंड दाबलं तरी बोटांच्या फटीतून बोलत राहिला. आता ओसरीवर असतो, तोंडात उपरणं कोंबलेलं. जेवायला काढलं की घास बाहेर आणि बोलणं सुरू.

पुस्तकांतली नावं मला येतात, अपराधाच्या भावनेनं होणाऱ्या आजारांची. एकही तोंडात आलं नाही. बरं झालं, एवढंच मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

११ डिसेंबर, गुरुवार

सर आले. मीच बोलावलं होतं. कामाची पाहणी म्हणून आले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. आरतीचं नाव काढलं तेव्हा चेहरा जरा लांब केला, दुर्दैवी प्रकरण म्हणाले. तुम्ही सासऱ्याला सांगितलं का, एवढंच मी विचारलं. त्यावर त्यांनी मला शिकवायला घेतलं. आपल्या भागात माणूस एकटा नसतो, कुटुंब असतं. त्या पोरीला शेवटी त्याच घरात जायचं होतं. कुटुंबाला विश्वासात घ्यावंच लागतं, तू नवीन आहेस.

मी थांबू शकले असते. थांबले नाही. अगदी मऊ आवाजात म्हटलं, सर, तुमच्याही मनावर ओझं असेल, आपण प्रयोग करून बघू या का? हसले. लहान पोरीचा हट्ट पुरवावा तसे बसले. मी ती खुर्ची ओढून बरोब्बर त्यांच्यासमोर ठेवली. आरती समोर आहे, सांगा तिला, म्हटलं. आपण काय करतोय हे मला पक्कं माहीत होतं.

आधी पाठ केल्यासारखी माफी मागितली. मग म्हणाले की मी तुझ्या सासऱ्याला घाबरलो होतो, त्याची वर ओळख होती. हे म्हणून झाल्यावर स्वतःच दचकले. मग पदवीच्या वेळी केलेली लबाडी आली, मग बायकोला लपवून चाललेलं एक प्रकरण, मग थोरल्या भावाबद्दल मनात असलेला गलिच्छ हेवा. चेहरा भीतीनं पांढरा पडत होता आणि तोंड मात्र चालूच होतं. दोन्ही हातांनी दाबून धरलं. थांबेना. तसेच जिन्यावरून बोलत खाली गेले. दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली.

मी खिडकीत होते. मला आनंद झाला. लिहितेच आहे तर खरं लिहिते, फार आनंद झाला. आरतीला म्हटलं, बघ, आणून दिला तुला.

१३ डिसेंबर, शनिवार

लातूरहून फोन आला. सर थांबलेले नाहीत. स्वतःचं संपलं आणि आता इतकी वर्षं त्यांना येऊन सांगितलेल्या लोकांचं बाहेर पडतंय. नाव, गाव, घर, सगळं. घराबाहेर माणसं जमतात, मोबाइलवर रेकॉर्ड करतात. एका शिक्षिकेचं ठरलेलं लग्न मोडलं. एक पोरगा हॉस्टेल सोडून कुठं गेला कळत नाही.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ऐकणाऱ्याच्या पोटात काय फक्त त्याचंच असतं?

खुर्चीपुढं उभी राहून म्हटलं, आता पुरे कर, त्या लोकांनी तुझं काय केलं होतं? खुर्ची ती खुर्चीच. उचलून कोपऱ्यात ठेवली, तोंड भिंतीकडं.

स्वतःसाठी भीती नाही वाटली. मी तिच्या बाजूची आहे. मी कधी कुणाचं बाहेर नेलेलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावस्या

आज इथला मोठा सण, आख्खं गाव शेतात जेवायला. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. आमच्या अर्धापुराकडं एवढं नसतं. केवळाबाईंनी चार दिवस आधीच बजावलं होतं, लेकरा, आमच्याच शेतात यायचं, परक्या गावात एकटं जेवायचं न्हाई.

तुरीच्या ओळींमध्ये कडब्याची कोप, झोपडीसारखी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आणि मडक्यातली गार आंबील. करिश्मा वाढत होती. आज तिनं स्वतः जेवून घेतलं, माझ्याकडं बघून हसलीसुद्धा. ऊन छान होतं. मला घरची आठवण आली आणि केवळाबाईंनी ते ओळखून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

करिश्मा विहिरीकडं भांडी घेऊन गेली तेव्हा त्या माझ्याजवळ सरकल्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, मी काय दुश्मन हाय का तिची? लेकराच्या आशेनं जीव ऱ्हाईना माजा. तीच तर टाळून न्हाई राहिली ना माय?

त्यांच्या शेतात, त्यांच्या पत्रावळीवर बसलेली, हातात त्यांच्याच हातचा उंडा. खोटं कसं बोलायचं, आणि तोंड फिरवायचं तरी कसं? वाटलं, खरं कळलं तर घाई सोडतील, पोरीच्या मागचा ससेमिरा जाईल. तोंडात घास होता. मी मान हलवली.

त्यांनी आणखी भज्जी वाढली. पोटभर जेव म्हणाल्या.

२१ डिसेंबर, रविवार

करिश्मा काल आली नाही. केंद्रावर कुणीच आलं नाही.

दुपारी नागुबाई सांगत आल्या की केवळाबाईंच्या घरात मोठं रामायण झालं. अंगदनं तिची पेटी रिकामी केली, गोळ्या सापडल्या. पोरीला खोलीत घालून कडी लावलीय, मोबाइल काढून घेतलाय. हे ऐकता ऐकता मी नागुबाईंना म्हणाले, परवा तुम्ही दिलेली आंबील आंबट ढोण होती, मी मोरीत ओतली.

मला हे बोलायचं नव्हतं. मनात आलंही नव्हतं धड. त्या बघतच राहिल्या. आणि मी पुढं म्हणाले की तुमच्या घराला वास येतो, तुमची लेक तुम्हाला टाळते म्हणून येत नाही, असं तिनं केंद्रावर येऊन मला —

उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात बोलत राहिले. केवढं तरी.

नुसती मान हलवली होती. तेवढीच.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी तोंड मिटून खाली उतरले. दुकानात सटवाजी काका होते, मुलगा शेजारी पोतं उचलत होता. काका हसले. चहाचं काहीतरी सांगणार होते.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. धोंडाबाई मरावी म्हणून यांनी देवाला —

शेवटपर्यंत सांगितलं. थांबता आलं नाही. मुलाच्या हातातलं पोतं खाली आलं. काका पिशवी तिथंच ठेवून निघून गेले. स्टँडकडं नाही, घराकडं. मेलेल्या माणसाची चाल.

संगमेशला हसले होते मी.

२३ डिसेंबर, मंगळवार

करिश्मा आली. पळून. खिडकीचा गज वाकवून. ओठ फुटलेला, पायात चप्पल नाही. मला वाटलं तोंडावर थुंकेल. ताई, तुमी सांगितलं का, असं विचारलं. मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबलेला. मान हलवली. तीच मान.

तरी माझ्याकडंच आली. दुसरं कुणी नाहीच तिला. आता घरी नेली तर ते मला जित्तं ठेवणार न्हाईत, म्हणाली.

कागदावर लिहून सांगितलं. माझी शाल दिली, चप्पल दिली. नांदेडकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. आईकडं जाईल. माझ्या आईकडं. मी सोडून हे कुणालाच ठाऊक नाही.

मी सोडून. म्हणजे माझं तोंड सोडून.

२४ डिसेंबर, बुधवार

ओढणी घट्ट बांधली आहे. आत जीभ चालूच. अ — र — बोळ्यातून ओली अक्षरं. जबडा दुखतोय.

आईला मेसेज केला. तिला दुसरीकडं ने, कुठं ते मला कळवू नकोस. आईनं बघितलेला नाही. आई मेसेज बघतच नाही, फोनच करते. फोन वाजला की उशीखाली ढकलते. उचलला तर —

पळून जाता येईल. पण गाडीत माणसं असतील. कुठंही माणसंच असणार.

दुकानदार सांगून गेला, अंगद स्टँडवर चौकशी करतोय. एका जीपवाल्यानं सांगितलं की त्या मॅडमनं बसवलं. म्हणजे येणार. इथंच येणार.

आरती, मला दे शिक्षा. मी चुकले. पण ते तुझ्या सासऱ्यासारखेच आहेत. माझ्या तोंडानं तू त्यांना तिच्यापर्यंत नेशील. तुझ्याशी जे झालं तेच तू तिच्याशी —

ऐकत नाही. ऐकून-ऐकून तिचं काय भलं झालं होतं?

२५ डिसेंबर

केंद्रात. ऊन आहे. खालून दुकानदार ओरडला, केवळाबाई आणि अंगद आलेत म्हणून.

भीती आहेच, पण राग जास्त. ती बाई पाठीवरून हात फिरवत होती. हात फिरवत विचारत होती.

ओढणी काढतील. पुरुषाचं बळ. काढली की नाव पडलंच —

एकच जागा आहे. त्या खुर्चीत बसल्यावर करिश्माच्या तोंडून करिश्माचं काहीच निघालं नव्हतं. आरतीचंच निघालं. तिथं आपलं आपल्याजवळ राहत नाही.

करिश्माला मी हाक मारून परत आणलं. मला हाक मारणारं इथं —

असू दे.

भिंतीकडची खुर्ची वळवली. बसले. वही मांडीवर. गार लागतंय खालून वर — आरती, घे. तोंड घे. सगळं घे. त्यांना सोडू नकोस पण. एकालाही सोडू नकोस —

जिना वाजतोय

माझी आई राहते ते गाव — केळी — केळी असतात तिथं — काय नाव — आठवत नाही

आठवत नाही! नाहीच आठवत — वाचली पोरगी — कुठली पोरगी

ओढणी सोडली

या. या की केवळाबाई. अंगद, दार लाव आन समोर बस. कामून उभे? सून काय म्हणली ते इचारायला आलाव ना. सांगते की. लई दिस झाले, कुणी मला इचारलंच न्हाई. पर आदी तुमी सांगा. समदं सांगा. तिला कोंडलं तवा ती काय म्हणून वरडत व्हती, आन तुमी भाईर बसून काय